चारही चाकं कामाला

माझा मित्र काशिनाथ याचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र कसलं, पोस्टकार्डच. पिंपळनेरच्या पुढे डोंगरात त्याचं गाव. तिथे फोनला रेंज हवी तर झाडावर चढावं लागतं, आणि या वयात झाडापेक्षा पोस्टमन बरा असं त्याचं म्हणणं. त्यानं लिहिलं होतं: ‘वाचनालयाची खोली बांधून झाली. वर पत्रे टाकले, रंग दिला. आता पुस्तकं घेऊन तू ये. टेम्पोवाले चढ बघून परत फिरतात, तुझी जीप चढेल. दार तुझ्या हातानं उघडायचं, तोवर कुलूप. येतोस की नाही, एवढंच कळव.’

एवढंच! माझ्यासारख्या माणसाला असं विचारू नये. नाही म्हणायला जीव धजत नव्हता आणि हो म्हणायला हात तयार नव्हते. खरोखरचे हात म्हणतोय मी. जीपचं स्टिअरिंग इतकं जड झालं होतं की भेस्तानच्या आमच्या गल्लीत वळायचं म्हटलं तरी घाम फुटे. मग तो डोंगर कसा चढणार?

ही जीप आमच्या फिरत्या वाचनालयाची. कुठल्याशा धरणाच्या कामावर राबून निवृत्त झालेली, चारही चाकांना जोर देणारी. ती घेऊन मी उधना, भेस्तान, सचिन या यंत्रमागांच्या उपनगरांमधून मराठी पुस्तकं वाटत फिरलो. लूमवर बारा तास उभी राहणारी माणसं रविवारी येत, पुस्तक उलटंसुलटं करून बघत, नेत. वाचनालय बंद झालं तेव्हा जीप आणि पुस्तकं दोन्ही माझ्याच गळ्यात पडली. पुस्तकं पलंगाखाली गेली. जीप दारात उभी राहिली.

श्रावण सरला तशी ती बदलली. सरळ रस्त्यावर मुकाट चाले. वळण आलं की चाक दगडासारखं घट्ट. खालून करकर आवाज, टायर रस्त्यावर घासल्यासारखे चिरकत, आणि वळण संपता संपता एक धक्का बसे. धक्का बसला की मी शेजाऱ्यांकडे बघून उगाच हसे.

मी टायरमध्ये हवा भरली. फरक नाही. जॅक लावून पुढची चाकं उचलली आणि स्टिअरिंग फिरवून पाहिलं, तर ते अलगद फिरलं. मला वाटलं, जमलं! गाडी खाली उतरवून रस्त्यावर आणली, तर पुन्हा तेच. दुरुस्तीचं जुनं पुस्तक काढलं. वैद्यकाचं पुस्तक वाचताना सगळे रोग आपल्यालाच झालेत असं वाटतं, तसं त्यातलं प्रत्येक कारण मला आमच्याच जीपचं वाटलं. हायवेवरचा गुजराती गॅरेजवाला खाली न वाकताच म्हणाला, “काका, आखुं बॉक्सज बदलवू पडशे.” स्टिअरिंगचा अख्खा बॉक्सच बदलायचा म्हणे! मी मान डोलावून परत आलो. खरं कारण मला मनातून ठाऊक होतं: माझे दंड संपले. गाडीला काही झालेलं नाही, म्हातारा झालोय मी.

माझा मेव्हणा निंबा याबद्दल माझ्याशी पूर्ण सहमत होता. निंबा लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्टर. उभं आयुष्य त्या खटखटाटात राहिल्यामुळे त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो सगळ्यांना ओरडूनच सांगतो. दर रविवारी तेलाचा डबा घेऊन यायचा आणि जीपच्या दिसेल त्या सांध्यात लूमचं तेल सोडायचा.

“दाजी!” तो गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला. “गाडी म्हातारी व्हई गयी, तुम्ही बी व्हई गयात!”

“हळू बोल रे,” मी म्हणालो. अर्थात ते त्याला ऐकू गेलं नाही.

“त्यांना म्हातारं म्हण, गाडीला नको,” आतून माझी बायको उज्ज्वला म्हणाली. “गाडी निदान धरणावर राबलेली आहे. यांना पलंगाखालची धूळसुद्धा सोडवत नाही.”

मग तो मांडवाचा दिवस आला. गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी लग्नाचा मांडव घातला होता, म्हणून भाजी आणायला मी जीप मागच्या मोकळ्या जागेतून काढली. तिथे बिल्डरनं भरावाची भुसभुशीत माती टाकून ठेवली आहे. मी दात आवळून चाक वळवलं, आणि ते वळलं. मऊ लोण्यासारखं. करकर नाही, धक्का नाही.

मी डांबरावर गेलो. दगड. परत मातीत आलो. लोणी.

“अहो,” शेजारी पिशवी धरून बसलेली उज्ज्वला म्हणाली, “घाण्याला जुंपलंय का तुम्हाला? भाजीवाला उठेल.”

“थांब जरा.”

“कधीची थांबलेच आहे.”

मी आणखी एक फेरी मारली. दंड संपले असते तर मातीतही संपलेलेच असते. म्हणजे दोष माझा नव्हता! हा विचार मला इतका नवा होता की मी गाडी बंद करून थोडा वेळ त्याच्याकडेच बघत बसलो. मग पुढचं सुचलं. चाकं हवेत असली किंवा माती भुसभुशीत असली की त्यांना सरकायला वाव मिळतो. डांबरावर मिळत नाही. म्हणजे चाकं आपसांत भांडत होती. आणि त्यांना एकमेकांशी बांधणारी वस्तू गाडीत एकच होती.

गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा आहे. पुढची चाकं कामाला जोडायची असली की तो मागे ओढायचा. मला शहरात त्याची कधी गरज पडली नाही. उज्ज्वलानं दोन्ही दांड्यांना साडीच्या तुकड्याची खोळ शिवली होती, तिच्याखाली तो दिसतही नव्हता. मी खोळ वर केली. दांडा मागे ओढलेला होता.

“श्रावणात गाडी कोणी नेली होती?” मी विचारलं.

“निंबानं. कानबाई विसर्जनाला,” ती म्हणाली आणि मग तिलाच हसू फुटलं.

निंबा संध्याकाळी आला, डब्यासकट. आता मला ते करायचं होतं ज्याला मी आयुष्यभर घाबरलो: भर गल्लीत मोठ्यानं बोलायचं, तेही माझं बरोबर आहे असं म्हणून. कदाचित चुकत असेन, असं मी पहिल्या वाक्यातच म्हणालो. सुदैवानं ते त्याला ऐकू गेलं नाही. मी आवाज चढवला.

“निंबा! हा दांडा तू ओढलास?”

“हा! तापीवर चिखल व्हता!”

“मग नंतर सोडला का नाहीस?”

त्यानं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. “दाजी, चार चाकं शेतस ना? मंग दोन का बरं बठीन खातीन? मन्हा खात्यात एक बी लूम बंद नही ऱ्हात!”

शेजारची पुष्पाबाई ओट्यावर आली. समोरच्या गॅलरीतही कुणी उभं राहिलं. माझी कानशिलं तापली, पण आता थांबणं जास्त अवघड होतं.

“वळताना पुढची चाकं जास्त चालतात!” मी ओरडलो. “मागची कमी! दोघांना एकत्र बांधलं तर ओढाओढ होते! तुझ्या लूमवर मागच्या बीमनं सुताची तार सोडलीच नाही आणि पुढचा कापडाचा रोल नुसता ओढतच राहिला, तर काय होईल?”

निंबानं तेलाचा डबा खाली ठेवला.

“तार तुटी जाई,” तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात.

दांडा पुढे जाईना. ओढाओढीनं घट्ट बसला होता. मी गाडी सुरू केली, जराशी मागे घेतली. निंबानं दोन्ही हातांनी रेटा दिला. खालून ठण्णकन आवाज झाला आणि दांडा पुढे गेला. मी गल्लीतच पूर्ण वळण घेतलं. चाक माझ्या हातांतून आपसूक परत आलं. पुष्पाबाईनं टाळी वाजवली, का ते तिला ठाऊक नसावं.

“आता?” उज्ज्वलानं विचारलं.

मी त्या रात्री चार पानं लिहिली. घाट आपल्याला झेपेल का, भाषण करावं लागेल का, पुस्तकं जुनी आहेत, मुलांना आवडतील का. सकाळी तिनं ती वाचली आणि घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवली. “त्यानं येतोस की नाही विचारलंय,” ती म्हणाली. “हे सगळं त्याला तिथे पोचल्यावर सांगा.”

मग एका कार्डावर लिहिलं: ‘काशिनाथ, येतो. पुस्तकं आणतो. निंबाही येणार म्हणतो, तेव्हा आम्ही आल्याचं तुला चढ सुरू व्हायच्या आधीच ऐकू येईल. भाषण मात्र नको.’

पोस्टापर्यंत जीपनंच गेलो. लाल पेटीपाशी पिनकोड दोनदा तपासला. उज्ज्वला गाडीतून बघत होती. मी कार्ड आत सोडलं. एकदा सोडलं की परत काढता येत नाही, ही पोस्टाची सोय मला त्या दिवशी फार आवडली.