पोळ्याच्या संध्याकाळचा सौदा

"जाम नदीच्या वो काठी, दोन्ही थडीले माहं कोणी,
एका डोळ्यामंदी भाऊ, दुसऱ्या डोळ्यामंदी धनी."

पाट्यावर हळकुंड वाटता वाटता कमलच्या कानात सासूचा आवाज आला. केसरबाईंना जाऊन कितीतरी पोळे उलटले, पण आवाज तसाच होता. जरा घोगरा, ओळीच्या शेवटाला थकून खाली बसणारा. त्याही कमलसारख्या पलीकडच्या, सावरगावच्या. दोघींचं माहेर नदीच्या त्या काठाला, सासर या काठाला पांढुर्ण्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार लागली की तिकडचे भाऊ आणि इकडचे नवरे नदीतल्या झेंड्यासाठी एकमेकांवर दगड फेकणार, आणि घरातल्या बायका जखमांसाठी हळद वाटून ठेवणार. केसरबाई वाटायच्या, मग कमल वाटू लागली.

वाटी भरत आली तशी कमल थांबली. आज कोणाला लावायची ही? तिचा नवरा विनायक तर घरातच बसला होता.

पुढच्या खोलीत खाटेच्या कडेवर, पाय खाली सोडून. नदीकडून ढोल ऐकू येत होते. ढोल चढला की त्याच्या पायाचा अंगठा फरशीवर ठेका धरायचा, मग त्याचं त्यालाच कळायचं आणि अंगठा आखडायचा. लग्न झाल्यापासून या दिवशी या वेळेला तो घरात दिसण्याची ही पहिलीच वेळ.

काल पोळ्याच्या संध्याकाळी, पुरणपोळीचं ताट समोर असताना सौदा झाला होता.

लेक स्नेहा सुट्टीवर आली होती. हवाई दलात ती हेलिकॉप्टर चालवते, एवढं गल्लीला पाठ झालं होतं. आता अंतराळात पाठवायच्या माणसांसाठी निवड चालली होती आणि पहिल्या चाचण्यांतून तिचं नाव निघालं होतं. पुढे जायचं की नाही, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"त्याच्यात इचारायचं काय?" विनायक म्हणाला होता. "नाही म्हणून दे. हेलिकॉप्टर काय कमी हाय?"

"अहो, तिले सांगू तर द्या," कमल म्हणाली. "तिथं चांगलं काय अन् वाईट काय, मले तर काहीच समजून नाही राहिलं."

मग स्नेहा सांगत गेली आणि कमलला अजूनच समजेनासं झालं. तिथं दिवसातून पंधरा-सोळा वेळा सूर्य उगवतो.

"मंग उपास कधी सोडाचा वो बाप्पा?" कमलने विचारलं, आणि तिघंही हसली.

तिथं माणूस पिसासारखा तरंगतो, पण हाडं हळूहळू कमजोर होतात. वरून पृथ्वीची गोलाई दिसते, पण पांढुर्णा काही दिसायचं नाही. कित्येक वर्षं शिकावं लागतं, आणि शिकूनही नंबर लागेलच असं नाही. तिथं रडलं तर पाणी गालावरून ओघळत नाही, डोळ्यालाच चिकटून राहतं, गोळा होऊन. हे शेवटचं चांगल्यात धरायचं की वाईटात, ते कमलला ठरवता येईना. खरं तर कशाचंच ठरवता येईना. एक गोष्ट चांगली म्हणून उचलावी तर खालून वाईट निघायचं, आणि वाईट म्हणून बाजूला सारावी तर पोरीचे डोळे नेमके त्याच वेळी चमकायचे.

"म्हंजे जीव धोक्यात घाला, अन् वर जाऊच त्याचा भरवसा नाही," विनायक म्हणाला. "अशा ठिकाणी मी पोरीले धाडून नाही राहिलो."

स्नेहाने घास ताटात ठेवला.

"बाबा, तुम्ही उद्या नदीवर जाऊन राहिले ना?"

विनायकचा हात भुवईवरच्या जुन्या खुणेकडे गेला. स्नेहा चौथीत असताना त्याला रक्तबंबाळ उचलून आणलं होतं. तेव्हापासून दरसाल गोटमारीच्या दिवशी ती पोर धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायची आणि बापाचा आवाज आल्याशिवाय बाहेर यायची नाही.

"ते अलग हाय. ते आपलं हाय."

"हेही माझंच आहे."

 मग विनायकने पाण्याचा गडू उचलला, न पिताच खाली ठेवला.

"ठीक हाय. मी नाही जात. उद्याबी नाही अन् यापुढंबी नाही. तूबी नको जाऊ. बरोबरीचा सौदा झाला."

स्नेहा आधी हसली. बापाचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं.

"खरंच नाही जाणार?"

"चंडीमायची आण."

ती ताटाकडे पाहत राहिली. कोठीमागची ती लहान पोर कमलला क्षणभर तिच्या चेहऱ्यात दिसली.

"बरं," स्नेहा म्हणाली.

एका शब्दात दोन्ही भीती मिटल्या. ना नवऱ्याला दगड, ना पोरीला आभाळ. कमलने आनंदायला हवं होतं. पण ती पुरणाचं भांडं हातात धरून उभीच राहिली, आणि आनंद का होत नाही हे तिला उमजेना.

आता बाहेर चपला वाजल्या. डोक्याला फडकं गुंडाळलेला सुखदेव दारात उभा होता. विनायकसोबत तो नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात कामाला, आणि गोटमारीतही त्याच्याच बाजूला उभा राहणारा.

"विनायकभाऊ, झेंडा अजून उभाच हाय. तुमची जागा खाली दिसून राहिली."

"ताप हाय."

सुखदेवने त्याला खालून वर न्याहाळलं.

"ताप? मांगच्या साली पाय मुरगळला होता तरी लंगडत आल्ते तुम्ही. काहो वहिनी, मेंदी लावून बसवलं काय आमच्या भावाले?"

कमलला हसायचं सुचलं नाही. सुखदेवही मग फार थांबला नाही. त्याच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो विनायक ऐकत होता. ताप असल्याचं तो इतक्या सहज बोलून गेला होता की कमलला त्याच्याकडे बघवेना. पाण्याची वेळ चुकली तर लोकांच्या शिव्या खाईल, पण खोटं कारण सांगणार नाही, असा हा माणूस.

ती आत गेली. स्नेहा मधल्या खोलीत तुरीची डाळ निवडत बसली होती. निवडलेलीच डाळ ती पुन्हा निवडत होती. शेजारी मोबाईल पालथा ठेवलेला.

"कळवलं काय?"

"कळवते." तिने एक दाणा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि परत ताटात टाकला. "आई, काल तू काहीच बोलली नाहीस."

"मी काय बोलू वो बाई."

"तू कधीच नाही बोलत. मी अकादमीला चालली होती तेव्हा स्टेशनवर पण नाही बोलली. डबा दिला फक्त."

ते खरं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या गोटमारीला विनायक निघाला तेव्हा नव्या नवरीच्या तोंडून काही निघणार, तोच केसरबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता. जाणाऱ्याले नको म्हणू नाही, धाक घेऊन गेलेला माणूस तिथं चुकते, असं त्या म्हणाल्या होत्या. तो हात कमलने आपल्याच तोंडावर जन्मभर धरून ठेवला. नवरा निघाला की ती दारातून बाजूला सरायची. पोर निघाली तेव्हाही तशीच सरली. जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. आणि काल तिच्यासमोर दोघांनी जाण्या-न-जाण्याची अदलाबदल केली, तेव्हाही ती पुरणाचं भांडं घेऊन बाजूलाच उभी होती.

नदीवर आरोळी उठली. पुढच्या खोलीत खाट करकरली. विनायक उठला असावा. पुन्हा खाट करकरली.

त्यानं काय सोडलं होतं? वर्षाचा एक दिवस. पण तो दिवस काढून घेतला तर हा माणूस असा रिकाम्या पोत्यासारखा दिसतो, हे तिला आजवर माहीत नव्हतं. मग पोरीचं काढून घेतल्यावर पोरगी कशी दिसेल? कमलने डाळीच्या ताटावरून फिरणाऱ्या त्या बोटांकडे पाहिलं. हेलिकॉप्टर चालवणारी बोटं. चूक काय, बरोबर काय, अजूनही तिच्या ध्यानात येत नव्हतं. पण ताट तिने ओढून घेतलं आणि मोबाईल स्नेहाच्या हातात ठेवला.

"हो म्हणून कळव."

"आई, बाबा मग—"

"त्यायले मी पाहते. तू कळव."

स्नेहा तिच्याकडे पाहतच राहिली. मोबाईलचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला तशी कमल उठून पुढे आली.

"सौदा मोडला," ती म्हणाली. "पोरगी हो म्हणून राहिली. मीच सांगितलं तिले."

"तू सांगितलं?"

"हो."

विनायक उभा राहिला. त्याच्या जबड्याची शीर ताठ झाली. आता हा ओरडणार, असं कमलला वाटलं. पण तो आतल्या खोलीकडे बघत तसाच उभा राहिला. हळूहळू शीर सैल पडली. नदीकडून ढोल वाढला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. शाळा लवकर सुटलेल्या पोरासारखं. कमलने ते पाहिलं, हे त्यालाही कळलं. त्याने मान खाली घातली.

"मंग मीबी सुटलो म्हणायचं," तो पुटपुटला.

त्याने खुंटीवरचा गमछा काढला, डोक्याला आवळून बांधला. खाटेखालून पायानेच बूट ओढले आणि नाडी बांधायला वाकला. बोटं भराभरा चालत होती. मघाचा ताप कुठल्या कुठे गेला होता.

तो दाराशी आला, दरसालच्या सवयीनं, समोरची बाई बाजूला होईलच या भरवशावर. कमल उंबऱ्यावर उभी होती. ती सरली नाही.

"काय झालं?"

तिचे ओठ उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले तेव्हा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"नका जाऊ."

विनायकने मान तिरपी केली, ढोलात नीट ऐकू आलं नसावं तशी.

"हे पोरीच्या बदल्यात म्हणून नाही राहिली मी," कमल म्हणाली. "मले भेव वाटते."