दसऱ्याला काढलेली वायर

नवऱ्याला, शांतारामांना, जाऊन दोन महिने झाले, तरी सुमित्राबाई कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे पाठ करून बसत नसत. पाठ केली की मानेवर कुणाचे तरी डोळे रुतल्यासारखे वाटत. समोर बसावं, तर भर दुपारी त्या काळ्या काचेत बनियन घातलेली एक वाकलेली पाठ दिसे. वळून बघावं, तर टेबलाखाली धूळ.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या क्वार्टरमध्ये दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होई. शिलाई मशीन, मिक्सर, मुलाची, विलासची, स्कूटर, आणि अलीकडे कॉम्प्युटर. यंदाच्या दसऱ्याच्या सकाळी शांतारामांनी बजावलं होतं, "कॉम्प्युटरचा डबा वरून पूस. वायरींना हात लावू नकोस."

आता धुळीने माखलेल्या यंत्राला हळदकुंकू लावायचं? बाईंच्या घरात? ते अंघोळीला गेले तशा बाईंनी मागच्या वायरी उपटल्या, डबा लखलखीत पुसला, झेंडू वाहिला आणि वायरी जिथे बसल्या तिथे दाबून दिल्या. पडद्याकडून येणाऱ्या निळ्या वायरीसाठी डब्यामागे एकसारखी दोन भोकं होती, एक वर, एक खाली. बाईंनी वरचं धरलं.

संध्याकाळी डबा घरघरला, पण पडदा काळाच.

"सुमित्रा, वायरींना हात लावलास?"

"मी कशाला लावू? मला दुसरे उद्योग नाहीत?"

नवऱ्याशी बोललेलं ते शेवटचं. बायकोचा शब्द खरा मानून त्या भल्या माणसाने वायरी सोडून बाकी सगळं तपासलं. प्लग, बोर्ड, बटणं. दीड तास टेबलाखाली वाकून. मग खालचा आवाजच थांबला. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

आज विलासने नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून मेकॅनिक आणला होता. चांगला पन्नाशीचा, पोट सुटलेला. "पडदाच गेला असणार, आई," विलास म्हणाला. बाईंनी मनात देवाला हात जोडले. पडदाच मेलेला निघू दे. त्या निळ्या वायरीचं नाव कुणी काढू नये.

मेकॅनिकने पडद्याची वायर स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. लख्ख चित्र आलं.

"स्क्रीन तो बिल्कुल ठीक है, माताजी."

"तुम्हारा लॅपटॉप झूठा है," बाई म्हणाल्या. विलास हसला. मेकॅनिकने वायर होती तिथेच पुन्हा खोचली, टॉर्च घेतला आणि गुडघे टेकून टेबलाखाली शिरला. शर्ट वर सरकला, खालचं बनियन दिसलं. थोडा वेळ धापा ऐकू आल्या. मग त्याही थांबल्या.

बाई टेबलाकडे धावल्या. "बाहर निकलो!"

"एक मिनिट, माताजी."

"निकलो बोला ना! वरचं नाही, ते निळं खाली लगाओ! नीचेवाला! मैंने गलत लगाया था, दसरेको! निकलो रे बाबा!"

खाली खुट्ट झालं. पडदा उजळला. मेकॅनिक घाम पुसत बाहेर आला आणि मायलेकांची तोंडं बघून गुपचूप आपली पिशवी आवरायला लागला.

विलास पडद्याकडे बघतसुद्धा नव्हता. "आई, बाबांनी त्या दिवशी तुला विचारलं होतं. मी इथेच होतो."

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"विचारलं होतं ना?"

"त्यांना आधी जाऊ दे," मेकॅनिककडे न बघता बाई म्हणाल्या. "परक्यासमोर नको. मग दार लाव, आणि माझ्यासमोर बस. मधे बोलू नकोस. मी खोटं बोलले, विलास. तिथूनच सुरू करते."