कॉलरच्या आतला पत्ता

"अब्बा, हे दोन्ही डॅश काढायचेत. तुम्ही नुसतं हो म्हणा," म्हणत तरन्नुमने लॅपटॉप शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला.

सलाउद्दीन मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. देवळाली कॅम्पात त्यांचं वर्दी शिवायचं दुकान, आणि दुकानाचे मेल बघणं हे मुलीचं काम. मेलच्या पत्त्याचं डोमेन मात्र त्यांनीच, ती लहान असताना, सायबर कॅफेत बसून हौसेनं घेतलं होतं: सलाउद्दीन, डॅश, टेलर, डॅश, देवळाली. इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटले तर जवानांना वाचता येणार नाहीत, म्हणून मधे रेघा.

फोनवर पत्ता सांगताना त्या रेघा हमखास गळायच्या. पाठवणाऱ्याच्या नावातही त्याच, त्यामुळे अनेकांना मेल लबाडांचा वाटायचा आणि ते उघडायचेच नाहीत. तरन्नुमचं काही चुकत नव्हतं. बिनरेघांचा नवा पत्ता तिनं घेऊनही ठेवला होता. जुन्याची मुदत शुक्रवारी संपत होती आणि हल्ली जाहिराती सोडल्या तर तिकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं.

"आणि लेबलांचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"नवी करून घेऊ की."

"ती नाय गं. शिवलेली."

मास्तरांच्या प्रत्येक वर्दीत कॉलरच्या आतून एक बोटभर कापडी पट्टी असते. तिच्यावर तो पत्ता, रेघांसकट, विणलेला. तोफखान्याचं शिकून जवान इथून जातात, मग जैसलमेर काय नि तवांग काय. पट्टी बरोबर जाते.

"त्या उसवायला तू जाणार का तवांगला?"

तरन्नुमला हसू आलं आणि रागही. "अब्बा, एकदा वर्दी गेली की गेली. कोण मेल करतंय परत?"

गुरुवारी त्या जुन्या पत्त्यावर मेल आला. लिहिणारीचं नाव योगिनी, हवालदार सोमनाथची बायको. तरन्नुमनं तो मोठ्यानं वाचला.

"हे आजारपणात फार वाळले. या महिनाअखेरीला निवृत्ती आहे. वर्दी अंगावर लोंबते, म्हणून निरोपाला जायलाच नको म्हणतात. इथले शिंपी आवळून देतो म्हणाले, पण ते ह्यांना पटत नाही. कॉलरमध्ये तुमचा पत्ता सापडला. पोचेल की नाही, माहीत नाही."

"सोमनाथ," मास्तर म्हणाले. "उजवा खांदा उतरता त्याचा. तिला म्हणावं, पाठमोरा फोटो पाठव. हात खाली सोडलेला. आणि आत्ताची मापं."

"किती आवळायची?"

"आवळायची नाय. आवळलेल्या कपड्यात माणूस आणखी आजारी दिसतो. नवीनच शिवायची."

तरन्नुमनं आधी योगिनीला उत्तर पाठवलं. मग कुणी न सांगता जुन्या पत्त्याची मुदत वाढवली. मास्तरांनी हातातलं सगळं बाजूला सारलं. उजव्या खांद्याखाली त्यांनी कापडाचा जादा थर घातला, पूर्वीही घालायचे तसाच. तो थर आजवर कुणाच्या ध्यानात आला नव्हता, खुद्द सोमनाथच्याही नाही. आपल्या बापाचा तरन्नुमला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

निरोप समारंभाचा फोटो पुढच्या महिन्यात आला, त्याच पत्त्यावर. गालफडं बसलेला एक माणूस ताठ उभा होता. मास्तरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आधी एक खांदा, मग दुसरा.

"बसली," ते म्हणाले. त्यानंतर कुठे त्यांनी चेहरा पाहिला, आणि बराच वेळ पाहिला.

खाली योगिनीनं लिहिलं होतं: "आरशासमोर उभे राहून म्हणाले, बऱ्याच दिवसांनी मी दिसलो."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुढची वर्दी ओढून घेतली. तरन्नुमनं तिची कॉलर उलटी केली, डब्यातून जुन्या पत्त्याची पट्टी काढली आणि सुई बसेल तिथे बोटानं दाबून धरली.