लाल शाईतला शेरा

इंग्रजीतली विशेषणं मी बुटांच्या खोक्यांतून शिकवते. टेबलावर पाच खोकी मांडायची. ‘लेझी’, ‘ब्रेव्ह’ अशी गुण सांगणारी पहिल्यात, ‘मच’, ‘इनफ’ ही प्रमाणाची दुसऱ्यात, ‘थ्री’, ‘मेनी’ संख्येची तिसऱ्यात, ‘धिस’, ‘दोज’ ही बोट दाखवणारी चौथ्यात आणि ‘माय’, ‘अवर’ ही मालकीची पाचव्यात. मुलं चिठ्ठी वाचतात, खोक्यात टाकतात, भांडतात आणि शिकतात. बावीस वर्षांत खोकी चारदा बदलली, पद्धत तीच राहिली.

शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणारी नवी शिक्षिका मला ताई म्हणायची. बाकीचे आम्हाला थोरली-धाकटी म्हणत. तिला मी हाताला धरून शिकवलं. तिचा पहिला तास मागच्या बाकावर बसून ऐकला आणि उगाचच डोळे पुसले.

गेल्या महिन्यात तिने एक कागद पुढे केला.

“ताई, पर्यवेक्षकपदाच्या परीक्षेचा सराव करतेय. एका काल्पनिक शिक्षिकेवर इंग्रजीत अहवाल लिहायचाय. माझी विशेषणं फार गुळमुळीत झालीत.”

नावाच्या जागी नुसती रेघ होती. मला चेव चढला. मी लाल पेन काढलं.

“नुसतं ‘बॅड’ काय लिहितेस? ‘आउटडेटेड’ लिही. आणि ‘मेनी कम्प्लेंट्स’ कोण मानेल? आकडा घाल.”

“किती घालू?”

“तीन. तीन खऱ्या वाटतात. आणि ‘अवर टीचर’मधलं ‘अवर’ काढ. अहवालात माया कशाला?”

तिने मान डोलावली. तपासलेल्या कागदावर शेरा आणि सही करायची माझी जुनी सवय. तीही मी हौसेने पुरी केली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. धाकटी आधीच तिथे बसली होती.

“पुढच्या सत्रापासून इंग्रजी या घेतील,” ते म्हणाले. “तुम्ही ग्रंथालय सांभाळा.”

त्यांनी अहवाल सरकवला. आउटडेटेड. थ्री कम्प्लेंट्स. वर माझं नाव. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

“कुठल्या तीन तक्रारी, सर?”

“हरकत होती तर तेव्हाच घ्यायची. मसुदा तुम्हीच तपासलाय.” त्यांनी खालचा कागद काढला. माझी लाल शाई, माझी सही. नावाच्या रेघेवर आता निळ्या शाईत माझं नाव होतं.

“ही रेघ कोरी होती. हा सराव होता.”

“तसं कुठे लिहिलंय?”

मी धाकटीकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

“ताई, खोकी मात्र वर्गातच राहू द्या,” ती म्हणाली. “मुलांना सवय आहे.”

हिने केसाने गळा कापला, आणि तो केसही मीच दिला होता. तरी सवयीने कागद शेवटपर्यंत वाचला. तळाशी, सहीच्या वर, माझ्याच वळणदार अक्षरात शेरा होता: ‘उत्तम. आता वाचणाऱ्याला शंका उरणार नाही.’