टिकाऊ शाई

रुचिता रामटेकेच्या दुसरीच्या वर्गात वही-पेन्सिलीच्या बरोबरीनं पायमोज्याला मान होता. बूढ़ापारा मोहल्ल्यातली, तलावाकाठची ती लहानशी शाळा, हिंदी माध्यमाची. दरवर्षी कागदाचे तक्ते रंगवायचे आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या चिंध्या झालेल्या बघायच्या, याचा रुचिताला कंटाळा आला होता. म्हणून यंदा तिनं प्रत्येक मुलासाठी एकेक चार्ट लॅमिनेट करून घेतला. वर प्रश्नाची पट्टी चिकटवायची, खाली मोकळ्या ओळी. मार्करनं लिहायचं, पुसायचं, उद्या पुन्हा लिहायचं. फडकी दोन दिवसांत हरवतात, तेव्हा घरातला जोडीदार हरवलेला एक मोजा प्रत्येकानं आणायचा आणि डाव्या हातात घालून बसायचं, असा नियम होता. अठ्ठावीस पोरं अशी बसलेली पाहिली की नवख्या माणसाला वाटे, या वर्गात थंडी फक्त डावीकडूनच येते.

या मोज्याचा सगळ्यात जास्त उपयोग कौमुदी करायची. ऑगस्टमध्ये वडिलांची रेल्वेत बदली झाली तशी ती बिलासपूरहून आली होती. सात वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची, मुकाट. उजवा हात लिहायचा आणि डावा, मोजावाला, लगेच मागून पुसत यायचा. शब्द जन्माला येतो न येतो तोच गेला. वहीत तर ती टिंबसुद्धा देत नसे. रुचितानं एकदा मागून दबक्या पावलांनी जाऊन पाहिलं होतं. पुसायच्या आत चार शब्द वाचले होते, आणि ते वर्गातल्या कोणाहीपेक्षा चांगले होते. पण हे सांगायचं कोणाला आणि दाखवायचं काय?

मुख्याध्यापिका वीणा मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांना कागद लागायचा. "इसका एक भी लिखा हुआ काम नहीं है," त्या म्हणाल्या होत्या. "शुक्रवार को एक बजे मैं खुद देखने आऊँगी. कुछ नहीं हुआ तो सोमवार से पहली में बिठाएँगे."

कौमुदीला न्यायला तिची आजी अंजनाबाई यायची. रुचितानं तिला हे सांगितलं तेव्हा म्हातारीचे डोळे भरले.

"लिहिते माय ते! घरी अंगणात खडूनं लिहिते अन् पाणी टाकून देते," ती म्हणाली. "मांगच्या शाळेतल्या मॅडमनं इची वही पुऱ्या वर्गाले वाचून दाखवली. पोट्टे लय हासले. तवापासून असंच करून राहिली. आता पहिलीत बसवान तं लेकरू पुरं मिटून जाईन."

रुचिताला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. लहानपणी ब्राह्मणपाऱ्यातल्या शाळेत तिच्याही मराठी वळणाच्या हिंदीला मुलं हसली होती, आणि ते हसू तिला अजून जसंच्या तसं ऐकू यायचं.

आता इथे रुचिताच्या वडिलांना गोष्टीत आणणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्यांचाच. धर्मपाल रामटेके यांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या स्टोअरमध्ये काढली होती. फेकून देणे हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटे. लेकीनं वाळलेले मार्कर कचऱ्यात टाकले की ते काढून आणत आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, इंजेक्शनच्या सिरिंजनं प्रत्येकात शाई भरत. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातात. डॉक्टरही एवढ्या काळजीनं सुई टोचत नसेल.

"बाबा, काहून एवढा त्रास घेता? नवीन आणते ना मी," रुचिता म्हणायची.

"शाई सरली म्हणून पेन मरत नाही बाई," ते म्हणायचे. "तू चहा ठेव."

त्या आठवड्यात शाईची बाटली संपली. धर्मपाल गोल बाजारात गेले आणि जन्मभराच्या सवयीनं दुकानदाराला म्हणाले, "भैया, मार्कर की स्याही देना, बढ़िया. टिकाऊ." दुकानदारानं ग्राहकाचा शब्द प्रमाण मानला आणि अजिबात न पुसली जाणारी शाई दिली. गुरुवारी संध्याकाळी धर्मपालांनी सगळे मार्कर काठोकाठ भरले आणि लेकीच्या पिशवीत रचून ठेवले.

शुक्रवारी दुपारी बारानंतर चार्टवर प्रश्न होता: खिडकीतून काय दिसतं? सगळ्यांनी लिहिलं. दहा मिनिटांनी रुचिता म्हणाली, "चलो, मिटाओ." अठ्ठावीस मोजे चालले आणि एकही अक्षर हललं नाही. पोरांनी आधी थुंकी लावली, मग बाटलीतलं पाणी, मग कोपर. मागच्या बाकावरच्या सार्थकनं तर चार्ट चाटून पाहिला. रुचितानं एक मार्कर नाकाशी नेला, तो उग्र वास ओळखला आणि कपाळावर हात मारला. बाबा, तुमचा टिकाऊपणा!

वर्गात नुसता आनंदीआनंद होता. फक्त तिसऱ्या बाकावर कौमुदी रडकुंडीला येऊन घासत होती. चार्ट कुईकुई वाजत होता. शेवटी तिनं तो बाकावर ठेवला आणि सरळ त्याच्यावर बसली.

रुचिता तिच्याशेजारी जाऊन बसली. या दोघींशिवाय वर्गात मराठी कोणाला कळत नसे, त्यामुळे त्यांचं गुपित तिथेच उघड्यावर चालायचं. कौमुदीला मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं.

"मले दाखवतेस?"

कौमुदी थोडी सरकली आणि चार्ट बाहेर आला. बारीक, सरळ, नीट अक्षर. "तालाब की तरफ एक कुत्ता बैठा है। उसका एक कान खड़ा है और एक सो गया है। वह सोचता है कि तालाब उसका है। मैडम भी एक तरफ के बाल कान के पीछे करती हैं, दूसरी तरफ भूल जाती हैं।"

रुचिताचा हात नकळत कानाकडे गेला. खरंच की. तिला हसू आलं आणि तिनं राहिलेल्या बाजूचे केसही कानामागे खोचले. इतके दिवस ही मुलगी खाली मान घालून सगळं बघत होती.

"मैडम, मिटा दो ना," कौमुदी म्हणाली. "प्लीज."

घड्याळात पाऊण वाजला होता. चार्ट उचलून कपाटात ठेवला असता आणि एक वाजता वीणा मॅडमच्या हातात दिला असता, तर काम फत्ते होतं. रुचिताच्या मनात ते आलं नाही असं नाही, चांगलं दोनदा आलं. पण एका मॅडमनं न विचारता वाचून दाखवलं म्हणूनच तर हा मोजा चालू झाला होता.

तिनं पर्समधून बाबांचा हात न लागलेला एकमेव मार्कर काढला. "हे बघ. जे जात नाही ना, त्याच्यावरून यानं गिरवायचं अन् लगेच पुसायचं. दोन्ही शाया संगंच निघतात. मोठ्या मॅडम एक वाजता येऊन राहिल्या. तुझं लिहिलेलं त्यांना दाखवलं तर तू इथेच राहशील. नाही दाखवलं तर पहिलीत बसवतील. पण लिहिलं तू, ठरवायचंही तूच. मी पाहात नाही."

आणि ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. उगाचच तारीख पुसून पुन्हा लिहिली. मागे मोजा घासल्याचा आवाज आला. गेलं, ती मनात म्हणाली. केलीस तू फार हुशारी, रुचिता.

वीणा मॅडम बरोबर एकच्या ठोक्याला आल्या. कौमुदी उठली आणि तिनं स्वतःहून चार्ट पुढे केला. कुत्रा होता. कान होते. तलावही होता. फक्त शेवटची ओळ नव्हती, तिथे फिकट करडा डाग होता.

"ती ओळ का गं पुसली?" रुचितानं हळूच विचारलं.

कौमुदी तिच्या कानाशी आली. "सब हँसते ना. आप पर."

तोवर वीणा मॅडमचं वाचून झालं होतं.

"क्लास को पढ़कर सुनाऊँ?" वीणा मॅडमनी विचारलं. कौमुदीनं क्षणभर विचार करून मान हलवली, हो म्हणून. कुत्र्याला तलाव आपला वाटतो, इथे पोरं खिदळली. दोघं-तिघं खिडकीकडे धावली आणि सार्थक ओरडला, "सच में, मैडम! एक कान सोया है!" कौमुदीचा मोजावाला हात सवयीनं चार्टकडे निघाला, पण वाटेतच थांबला. मुलं कुत्र्याला हसत होती. मग वीणा मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "ये तो दूसरी में ही बैठेगी."

रुचिताचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिची ओढणी कोणीतरी ओढली.

"मैडम," कौमुदी म्हणाली, आणि या खेपेला सगळ्यांना ऐकू जाईल असं. "एक लाइन और थी. बोलूँ?"

रुचितानं दोन्ही बाजूंचे केस मघाशीच कानामागे नीट खोचले होते. तिनं एका बाजूचे हळूच मोकळे सोडले.

"बोल," ती म्हणाली.