पायलीतलं इंग्रजी

साहेब, तुम्ही एका हुशार पोरीची जागा हिसकावली. वर मला वर्गातून बाहेर फेकायला सांगून गाडीत बसून निघून गेलात.

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे, धान मोजायची. आसगावच्या घनश्याम लोहाराने मला पत्र्यातून ठोकून काढलं. भय्याजींच्या खळ्यावर मी कित्येक हंगाम राबले. 'हिचं माप खोटं नाही,' लोक म्हणत. मग वजनकाटा आला आणि माझ्यात कोंबड्या पाणी पिऊ लागल्या.

तिथून मला भय्याजींच्या नातीनं, गुड्डीनं, शाळेत नेलं. रंजिता मॅडमनी माझ्यात धान ओतला आणि 'इन' शिकवलं. दाणे पायलीत, पोरं आसगावात, कापणी नोव्हेंबरात, बोलणं इंग्रजीत, सगळीकडे तोच 'इन'. सोमवारी म्हणायचं तर मात्र 'ऑन'. पोरं माझ्यात हात घालून घालून शिकली.

मग तुम्ही, शिक्षण खात्याचे साहेब, मुलं निवडायला आलात. पवनीच्या निवासी शाळेत इंग्रजी शिकायला एकच जागा होती. गुड्डीला म्हणालात, "धान मोज आणि 'इन' वापरून सांग." तिची आई धुरपता दारात पदर पिळत उभी. गुड्डीनं मला भरभरून टोपलीत रिकामं केलं.

"लाभ! टू! थ्री! पॅडी इज इन द बास्केट, सर!"

तुम्ही हसलात. "वन कुठं गेला? हिला आकडेसुद्धा येत नाहीत."

मॅडम बोलायला गेल्या, तर तुम्ही हातानंच गप्प केलंत. शेवटी धुरपता आत आली.

"साहेब, खळ्यावर पहिल्या मापाले एक नाई म्हनत जी, लाभ म्हनतेत. सवयीनं बोलून गेली पोरगी."

"इंग्रजीत असं चालत नाही, बाई."

"आन तुमच्या ताटातला भात? तो काय इंग्रजीत मोजून येते जी?"

पोरं खदखदून हसली. तेच तुम्हाला झोंबलं. "या शाळेतून कोणीच नाही, आणि ती पायली फेका बाहेर," म्हणालात.

तेव्हापासून गुड्डी वर्गात तोंड उघडत नाही. मॅडमनी विचारलं तर म्हणते, "मले काहून विचारता? मले येत नाई."

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मी पत्रा आहे, गंजेन. पण शिकलेली पोरगी अशी गंजू देऊ नका.

साहेब, पवनीची जागा अजून रिकामी आहे. तुम्ही 'इन' विचारलात, तिनं बरोबर सांगितलं. आसगावात परत या, वर्गासमोर उभे राहा आणि बोला. गुड्डी नापास कशात झाली?