देवाच्या कुंडातले मासे

देवळाची राखण करणारे गावचे सर्जेराव कुंडात जाळं ओढत होते. कौशल्याबाई देवळाच्या पायरीवर जप करत बसल्या होत्या; बोटं माळेवर, लक्ष कुंडात. काठाला त्यांचे यजमान बद्रीनाथ, पँट दुमडून, हातात बादली घेऊन उभे.

हिंजवडीच्या पलीकडचं हे महादेवाचं छोटं देऊळ. शेजारचा ओढा कंपनीच्या पार्किंगखाली गेला त्याला सहा वर्षं झाली. भराव पडत असताना बद्रीनाथांनी त्यातले काळ्या पट्ट्याचे बोटभर मासे डब्यात भरून खडकीला घरी आणले. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, तेव्हापासून काचेच्या टाकीपुढेच बसला. अंडी वेगळी करायची, पिल्लं जगवायची.

"टाकीत पाळून कुठे निसर्ग वाचतो का हो?" शेजारी विचारायचे.

"ओढा बुजवून वाचतो त्याहून बरा वाचतो," बद्रीनाथ म्हणायचे.

गेल्या चैत्रात त्यांनी साठ मासे या कुंडात सोडले. देवाच्या पाण्यात कुणी गळ टाकत नाही, इथे वंश वाढेल म्हणून. टाकीत उरलेले म्हातारे होते, त्यांनी अंडी घालणं सोडलं होतं. आता जे काही होतं ते इथेच.

जाळ्यात हातभर लांब, मातकट, खरबरीत अंगाचं काहीतरी फडफडलं.

"काका, असलं जनावर बापजन्मात नव्हतं हितं. मगरीचं पिल्लू हाय का काय?"

"सकर मासा. टाकीच्या काचेवरचं शेवाळ खायला विकतात. इथे अंडी खाऊन पोसलाय." बद्रीनाथांनी तो काठावर काढून टाकला आणि जाळं चाळलं. त्यांचे चार मासे निघाले, जुनेच, शेपट्या फाटलेले. पिल्लू एकही नाही. "कुणीतरी पुण्य कमावलं. घरात नकोसा झालेला जीव देवाच्या गळ्यात मारला."

कौशल्याबाईंचा मणी तिथेच थांबला.

टाकी साफ ठेवायला आणलेले दोन सकर मोठे होऊन काचेला आपटायला लागले, तेव्हा "दुकानात देऊन ये" असं हेच म्हणाले होते. दुकानदार म्हणाला, घेत नाही, फेकून द्या. सोळा सोमवारांचं उद्यापन होतं त्या दिवशी. जिवंत जीव कचऱ्यात टाकायचा? त्या बसने इथे आल्या आणि हात जोडून दोन्ही सोडले. घरी सांगितलं, "दिले." कुठे, ते यांनी विचारलं नाही.

आताही कुणी विचारत नव्हतं. पण देवासमोर बसून गप्प राहणं, तेही खोटंच.

"अहो, मी सोडला. उद्यापनाच्या दिवशी."

बद्रीनाथ वळले. सर्जेराव खाली मान घालून जाळ्याची गाठ सोडवत बसले. कौशल्याबाई टोमण्याची वाट पाहत होत्या. तो आला नाही, त्याचंच त्यांना भय वाटलं.

"एकच?"

"दोन्ही."

"सर्जेराव, जाळं पुन्हा टाका."

कौशल्याबाईंनी माळ पिशवीत ठेवली, पदर खोचला आणि पाण्यात उतरून जाळ्याचं दुसरं टोक धरलं. बद्रीनाथांनी नको म्हटलं नाही. पाच वेळा ओढलं. गाळ आला, प्लास्टिक आलं, नारळाच्या शेंड्या आल्या.

"दुसरा बिळात बसला असेल," बद्रीनाथ म्हणाले. "पंप लावून कुंड उपसावं लागेल."

सर्जेरावांनी जाळं गुंडाळलं. "काका, जाळं मी माझ्या जबाबदारीवर टाकलं. देवाचं पाणी उपसायचं म्हटल्यावर गाव ऐकायचं न्हाय. माझंबी ऐकायचं न्हाय."

बद्रीनाथांनी दुमडलेली पँट खाली सोडली.

"मग राहू दे."

चार माशांची बादली उचलून ते रस्त्याला लागले. कौशल्याबाई ओल्या साडीने मागून चालल्या, चार पावलं अंतर ठेवून.